सामाजी हसाजींना शोधायचं कसं?



मागच्या लेखानंतर एका तरुण वाचकानं विचारलं, ‘इंटरनेट तर १९९५-९६ पासून घरोघरी यायला लागलं. मग आपल्या समाजाबद्दल त्या काळात कुणाला फारसं काही का सापडलं नाही? माहितीच नव्हती, की शोधता येत नव्हती?’ प्रश्न मला आवडला. माहिती थोडीच होती हे खरं, पण जी होती तीही आपल्या हाती लागत नव्हती, कारण शोधणारी यंत्रं आपल्या नावांच्या मापाची बेतलेली नव्हती. आज त्याबद्दल लिहिते.

अगदी सुरुवातीला शोधणं म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या वाचणं होतं. १९९० साली कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज या बार्बाडोसहून शिकायला आलेल्या मुलानं ‘आर्ची’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. ठिकठिकाणच्या संगणकांवर लोकांसाठी ठेवलेल्या फायलींची नावं तो गोळा करायचा. फक्त नावं. आत काय लिहिलंय याचा त्याला पत्ता नसे. माळ्यावर दहा ट्रंका आहेत आणि प्रत्येकीवर चिठ्ठी डकवलेली आहे, तुम्ही चिठ्ठी वाचायची आणि आत आजीचा शालू असेल की जुन्या पावत्या याचा अंदाज करायचा, तसलं ते काम. पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठातून ‘गोफर’ आलं. त्यात पायऱ्यापायऱ्यांनी याद्या उघडत जायचं. त्या याद्यांची शीर्षकं शोधायला १९९२ मध्ये नेवाडा विद्यापीठात ‘व्हेरॉनिका’ तयार झाली. (आर्ची आणि व्हेरॉनिका ही अमेरिकन चित्रकथांतली पात्रं. पहिलं नाव खरं तर ‘अर्काइव्ह’ या शब्दावरून पडलं होतं, दुसरं मुद्दाम थट्टेनं ठेवलं.)

पानाच्या आतला प्रत्येक शब्द वाचून ठेवणारं ‘वेबक्रॉलर’ सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात ब्रायन पिंकर्टन यांनी १९९४ मध्ये केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी, ‘याहू’ सुरू केलं. याहूची रीत वेगळी. माणसं बसून पानं बघायची आणि विषयवार खणांत ठेवायची. ही पद्धत मला अजूनही सभ्य वाटते, पण तिची अडचण आपल्या लोकांच्या लगेच लक्षात येईल. आपल्याला कुठल्या खणात ठेवणार? भारताच्या, की यहुदी धर्माच्या? हा प्रश्न आपल्याला आयुष्यभर माणसंच विचारत आली आहेत.

मग १५ डिसेंबर १९९५ ला ‘आल्टाव्हिस्टा’ आलं. आता मुलांना नावही माहीत नाही, पण तेव्हा ते म्हणजे चमत्कारच होता. सुरुवातीलाच सुमारे १ कोटी ६० लाख पानांचा प्रत्येक शब्द त्यात नोंदलेला होता आणि उत्तर काही सेकंदांत यायचं. फक्त ते अक्षरं जुळवायचं. अर्थ जुळवायचं नाही, उच्चार तर नाहीच.

आता त्या यंत्रासमोर आपलं नाव टाकून बघा. इंग्रजीत ‘बेने इस्राएल’ लिहिलं की अमेरिकेतल्या सिनसिनाटीचं सिनेगॉग समोर येण्याचीच शक्यता जास्त. तिथल्या के. के. बेने इस्राएल या मंडळीची स्थापना १८२४ ची, आज ती रॉकडेल टेंपल म्हणून ओळखली जाते. त्यांचा आपल्याशी काही संबंध नाही, पण नाव तेच. नुसतं इस्राएल म्हटलं की बातम्यांचा पूर. आणि आपल्याबद्दलचा खरोखर उपयोगी मजकूर असे, तो दुसऱ्याच स्पेलिंगखाली. न्यू यॉर्कमध्ये १९०१ ते १९०६ या काळात बारा खंडांत ‘ज्यूइश एन्सायक्लोपीडिया’ निघाला. त्यात आपल्यावर चांगला सविस्तर लेख आहे, पण शीर्षक आहे ‘बेनी इस्राएल’, म्हणजे ‘ई’ च्या जागी ‘आय’. पुढे हे खंड इंटरनेटवर आले तेव्हाही ‘ई’ लिहून शोधणाऱ्याला तो लेख दिसेलच असं नव्हतं. एका अक्षरानं माणूस शंभर वर्षांच्या लेखाला मुकत होता.

आल्टाव्हिस्टात शोधायच्या काही युक्त्या होत्या. अवतरणचिन्हांत लिहिलं की शब्द त्याच क्रमानं, एकाला एक लागून हवेत असा अर्थ होई. शब्दाआधी वजा चिन्ह घातलं की तो शब्द असलेली पानं वगळली जात. आणि शब्दापुढे फुली, म्हणजे तारा, टाकला की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मिळत. मात्र ताऱ्याच्या आधी निदान तीन अक्षरं हवीतच. ही अट करणाऱ्यांना काय ठाऊक की कोकणातल्या एका समाजाची ओळखच शब्दाच्या शेपटाला आहे! पेणकर, दिवेकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, वाक्रूळकर. ‘कर’ नं संपणारी सगळी नावं दाखव, एवढंच विचारलं असतं तर अर्धा रायगड जिल्हा समोर उभा राहिला असता. (सगळे काही आपले निघाले नसते, हे मान्य.) पण तारा पुढे लावता येई, मागे लावता येत नसे.

अवतरणचिन्हांचंही तसंच. जोसेफ यहेझकेल राजपूरकर हे मुंबईतले आपले मोठे विद्वान, डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. प्रार्थनांची कितीतरी पुस्तकं त्यांनी मराठीत आणली. आता कुणी परदेशी पद्धतीनं ‘जोसेफ राजपूरकर’ असं अवतरणात टाकलं, तर मधे वडिलांचं नाव बसलेलं असल्यामुळे यंत्र म्हणणार, असा माणूसच नाही. आपल्याकडे वडिलांना मधून काढता येत नाही, हे त्याला कोण सांगणार? त्यावर उपाय होता. दोन शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असावेत, असं सांगायची सोय आल्टाव्हिस्टाच्या आतल्या पानावर होती. पण तिथवर जाणारे किती?

सामाजी हसाजी दिवेकर यांचं उदाहरण मी मुद्दाम मागे ठेवलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. टिपूच्या आईनं ‘बेने इस्राएल’ हे नाव ऐकलं आणि कुराणातल्या उल्लेखामुळे त्यांना जीवदान दिलं, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. इंग्रजीत त्यांचं नाव ‘सॅम्युएल इझीकेल दिवेकर’ असं लिहितात. शमुवेलचं सामाजी आणि यहेझकेलचं हसाजी. आपल्याला हे सांगावं लागत नाही. पण तीन पानं घ्या, एकावर सॅम्युएल इझीकेल, दुसऱ्यावर सामाजी हसाजी, तिसऱ्यावर नुसतेच कमांडंट दिवेकर. यंत्राच्या लेखी ही तीन माणसं झाली, आणि त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही.

त्यांच्या सिनेगॉगचंही तेच. शाआर हाराहमीम, गेट ऑफ मर्सी, जुनी मशीद. आपले लोक सिनेगॉगला मशीद म्हणत, त्यावरूनच शेजारच्या मशीद स्टेशनचं नाव पडलं असं सांगतात. आता इंग्रजीत ‘मशीद, मुंबई’ टाकून सिनेगॉग शोधा बघू. एक तर लोकल गाड्या मिळतील, नाहीतर मुसलमान बांधवांची प्रार्थनास्थळं.

नावांच्या या गोंधळाला आपणच सामोरे गेलो असं नाही. पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांनाही तोच त्रास होता, आणि त्यांनी त्यावर काम केलं. अमेरिकेत ‘साउंडेक्स’ नावाची पद्धत जुनी, तिचं पहिलं पेटंट १९१८ चं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. किहीमकर हे नाव इंग्रजीत ‘के’ नंतर ‘ई’ घालून लिहा नाहीतर ‘आय’ घालून, दोन्हींचा आकडा एकच येतो, के-५२६. पण पहिलं अक्षर जसंच्या तसं राहत असल्यामुळे वाक्रूळकर ‘डब्ल्यू’ नं लिहिला तर एक आणि ‘व्ही’ नं लिहिला तर दुसरा. मॉस्कोविट्झ मंडळींचं दुखणंही याच दोन अक्षरांचं. म्हणून रँडी डाइच आणि गॅरी मोकोटॉफ या दोघांनी १९८५ मध्ये सुधारित पद्धत काढली. तिच्यात ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ ला एकच आकडा आहे. केली मॉस्कोविट्झसाठी, पण वाक्रूळकरांचं काम आयतं झालं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्यूइशजेन’ या वंशावळीच्या संस्थेनं शोधासाठी तीच पद्धत वापरली.

तरी चेऊलकर अडकलेच. चौल आणि चेऊल हे एकच गाव. इंग्रजीत ‘ई-यू’ लिहिलं तर व स्वरात विरून जातो, ‘व्ही’ घातला तर तो व्यंजन म्हणून मोजला जातो. दोन्ही पद्धतींत आकडे वेगळे येतात, मी कागदावर मांडून पाहिले आहेत. आणि शमुवेलपासून सामाजीपर्यंत तर आवाजाच्या कुठल्याच नियमानं पोचता येत नाही. तिथे माणूसच लागतो, दोन्ही नावं माहीत असलेला.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. वैद्यकीय लेखांची सूची, ‘इंडेक्स मेडिकस’, अमेरिकेत १८७९ पासून निघत होती. १९७१ मध्ये ती ‘मेडलाइन’ म्हणून टेलिफोनच्या तारेनं संगणकावर शोधता येऊ लागली आणि जून १९९७ पासून ‘पबमेड’ या नावानं सर्वांना फुकट झाली. आम्हां नर्सना आधी ग्रंथपालाकडे चिठ्ठी द्यावी लागे, पबमेड आल्यावर रात्रपाळीत आम्ही स्वतःच शोधू लागलो. तिथली मजा अशी की तुम्ही ‘कॅन्सर’ लिहा, ते ‘निओप्लाझम्स’ या मथळ्याखालचे लेखही आणून देई. ‘हार्ट अ‍ॅटॅक’ लिहा, ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ कडे नेई. हे यंत्राच्या हुशारीनं होत नव्हतं. वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयात १९६० पासून माणसं बसून यादी सांभाळत होती, कुठल्या रोगाला लोक काय काय म्हणतात याची. रोजच्या बोलीतला शब्द आणि पुस्तकातला शब्द एकाच खुंटीला टांगलेले. हृदयविकाराला अशी यादी मिळाली, सामाजींना मिळाली नाही.

बायकांचं तर विचारूच नका. पुरुषाचं निदान गावाचं आडनाव टिकतं. आपल्या पणज्यांचं माहेरचं आडनाव लग्नात गेलं, घरात त्यांना कुणी सारूबाई म्हटलं, कुणी नुसतंच मोठ्याई, आणि सारा हे नाव फक्त केतुबावर राहिलं. वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकाची गाडी आजीच्या आईपाशी येऊन थांबते.

मराठीत शोधायचं म्हटलं तर त्या दशकात दारच बंद होतं. देवनागरी अक्षरांना जागतिक ‘युनिकोड’ मध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा होती, पण घरातल्या संगणकांना ती वाचता यायला बराच वेळ लागला. विंडोजमध्ये देवनागरीची नीट सोय झाली ती विंडोज २००० पासून. तोवर मराठी वर्तमानपत्रं आपापला फाँट वापरत. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण यंत्राच्या पोटात तो भलत्याच इंग्रजी चिन्हाच्या रूपानं साठवलेला असायचा, आणि प्रत्येक वर्तमानपत्राचं चिन्ह वेगळं. डोळ्यांना मराठी, यंत्राला बाराखडीचा भुगा. त्यामुळे तेव्हाचा मराठी मजकूर वाचता येत होता, शोधता येत नव्हता. मराठी विकिपीडिया सुरू झाला तोच १ मे २००३ ला.

इथे इस्राएलात हिब्रूची तऱ्हा आणखी गमतीची होती. जुने ब्राउझर डावीकडून उजवीकडेच लिहीत, म्हणून पानं करणारे लोक हिब्रू अक्षरं उलट्या क्रमानं भरत, म्हणजे पडद्यावर ती सुलटी दिसत. अशा पानात शब्द शोधायचा तर तोही उलटा टाकावा लागे. त्यात आपली आडनावं. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, आणि ‘प’ व ‘फ’ ला अक्षर एकच. पेणकर लिहिला तर वाचणारा त्याला पिनकर, पनकर, फेनकर काहीही म्हणू शकतो. ‘त’ साठी मात्र दोन अक्षरं, तेत आणि ताव, तेव्हा कारकुनाच्या मनात येईल ते. एकाच आईच्या दोन मुलांची आडनावं इथल्या कागदांवर वेगळी झालेली मी माझ्या नात्यातच पाहिली आहेत.

मग त्या वर्षांत सापडत काय होतं? जे इंग्रजीत होतं, आणि ज्याचे शब्द शोधणाऱ्याला आधीच माहीत होते, ते. ‘हरवलेल्या दहा वंशांपैकी एक’ असं लिहिलेली पानं पटकन मिळत, कारण जगाला ‘हरवलेले वंश’ हे शब्द पाठ आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज मिळे, कारण तो गोष्टीतला प्रसंग आहे. शनिवार तेली मिळत. पण कुठल्या गावात कुणाचे घाणे होते, सैन्यात कोण होतं, नर्स आणि शिक्षिका झालेल्या पहिल्या मुली कुठल्या घरातल्या, १९६२ ते ६४ मध्ये आपल्या लग्नांच्या प्रश्नावरून इथे आपल्या लोकांनी काय सोसलं, यातलं फार थोडं.

इथल्या शाळांत सातवीच्या सुमारास मुलांना ‘शोराशिम’ चा, म्हणजे आपल्या मुळांचा, प्रकल्प करायला लावतात. २००० सालच्या आसपास माझ्या भाचीच्या मुलीनं तो केला. चार पानं छापून आणली, सुबक, रंगीत. आजोबांनी चष्मा लावून वाचली. म्हणाले, ‘छान आहे गं. पण हे कुणाबद्दल आहे?’ त्या चार पानांत आम्ही सगळे होतो, गर्दीतल्या लांबच्या ठिपक्यांसारखे. आजोबांचं अलिबागजवळचं गाव नव्हतं, घरातला मलिदा नव्हता, एलियाहू हन्नाबीचं नावसुद्धा नव्हतं. मुलीची काही चूक नव्हती. तिनं जिथे शोधायला शिकवलं तिथे शोधलं, आणि शिक्षिकेनंही शाबासकी दिली. पण ज्यांना खरं माहीत होतं ते आजोबा शेजारच्या खोलीत बसलेले होते, आणि पुढे दोन वर्षांत ते गेले. मला त्या तंत्राचा राग येतो तो एवढ्याचसाठी. ते नुसतं अपुरं असतं तर चाललं असतं. ते अपुरं असून पुरेसं वाटायचं.

१९९८ मध्ये गूगल कंपनी निघाली. एखाद्या पानाकडे बाकीची किती पानं बोट दाखवतात, आणि तीही किती वजनाची, हे मोजून क्रम लावायचा, ही तिची मूळ कल्पना. मोठ्या समाजाला ती उत्तम लागू पडली. आपल्यासारख्या मूठभरांकडे बोट दाखवणारं कोण? थोडी घरगुती पानं होती. अशी पानं लोक बहुधा ‘जिओसिटीज’ वर फुकट मिळणाऱ्या जागेत करत. एका कुटुंबानं आपल्या गावाचे आणि कबरस्तानाचे फोटो तिथे लावले होते, दगडांवरची नावं वाचून खाली लिहिली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं. १९९६ पासून जुनी पानं जपून ठेवणाऱ्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ च्या संग्रहात मी ते पान शोधलं. मजकूर अर्धा मिळाला, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी.

हाईम शमुवेल किहीमकरांनी आपला इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला आणि तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित थांबलं, पण ते कागदावर होतं म्हणून थांबू शकलं. त्यात आपल्या जुन्या नावांची हिब्रू रूपंही आहेत. पबमेडवाल्या बायांनी रोगांसाठी जे केलं त्याची आपल्यापुरती सुरुवात किहीमकर करून गेलेत असं मला वाटतं.

तेव्हा मी एक वही घातली आहे. साधीच, दोनशे पानी. डावीकडे घरातलं नाव, उजवीकडे केतुबावरचं, खाली गाव आणि आडनावाची जेवढी स्पेलिंगं सापडतील तेवढी, मराठीत, इंग्रजीत आणि हिब्रूत. अलीकडे शोधयंत्रं सुधारली आहेत, चुकलेलं स्पेलिंगही समजून घेतात, पण सारूबाई म्हणजे कुठली सारा हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. आतापर्यंत पेण, रोहा आणि अलिबाग तालुक्यांतली बरीच घरं आली आहेत. मुरुड-जंजिऱ्याकडची कमी आहेत, आणि कराची, एडनला नोकरीसाठी गेलेल्या घराण्यांची तर जवळजवळ नाहीतच. ती कळवा. पाठवताना नाव सुधारून, ‘बरोबर’ करून पाठवू नका. केतुबावर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि इथल्या तेऊदात झेहूतवर तिसरं असेल, तर तिन्ही जसंच्या तसं लिहा.